जर्मनी दहा दिवस, तयारी सात महिने

जर्मनीत आम्ही राहिलो दहा दिवस. तिथलं सांगायला लागलं की वर्गातल्या मुली पाचच मिनिटांत विचारतात, "बर्फ नव्हता? मग पाहिलं काय?" पण तयारीचं सांगायला लागलं की मधली सुट्टी पुरत नाही. एक गोष्ट निघाली की तिच्या मागून दुसरी निघते, दुसरी संपायच्या आत आफरीनला तिसरी आठवते, आणि ओंकार तीच तिसरी स्वतःला शहाणं ठरवून सांगतो. मी कमी बोलते, त्यामुळं ऐकायचं काम माझ्याकडं आलं आणि लिहून ठेवायची सवय लागली. आता भांडण झालं की दोघंही माझी वही मागतात.

आधी कोण कोण ते सांगते. शाळेतून आम्ही तिघं होतो. आफरीन चितेगावची. तिचे अब्बा तिथल्याच एका कारखान्यात आहेत, आणि ती रोज एसटीनं शाळेत येते. ओंकार लासूर स्टेशनचा. त्याच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, तिथल्या बाजारात धान्याची आडत आहे. तो इथं मामाकडं राहून शिकतो. तिसरी मी, सिडकोतली. माझे पप्पा एसटीत कंडक्टर, पैठणच्या गाडीवर. आमच्यासोबत येणार होत्या इंग्रजीच्या गवळी मॅडम.

दौऱ्याचा विषय होता जुन्या गावांचं पाणी. नववीत आम्ही आमच्या शहराखालून जाणाऱ्या जुन्या नहरीवर प्रकल्प केला होता. ही नहर म्हणजे जमिनीखालून जाणारे मातीचे नळ. ना मोटर, ना वीज, नुसत्या उतारावर तिनं शेकडो वर्षं शहराला पाणी पाजलं. जर्मनीतल्या एका शाळेला तो प्रकल्प आवडला आणि त्यांनी आम्हाला बोलावलं.

प्रकल्पाचा मजकूर माझा होता. मॅडम म्हणाल्या, "लिहिणारीनंच तिथं बोलायचं. वीस मिनिटं, इंग्रजीतून, त्यांच्या अख्ख्या शाळेपुढं."

माझा आवाज दुसऱ्या बाकापलीकडं जात नाही. हजेरीच्या वेळी मी 'येस मॅडम' म्हणते आणि शेजारची मुलगी माझ्या वतीनं हात वर करते. मॅडमना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी अट घातली. निघायच्या आधी पालकांसमोर, शाळेच्या हॉलमध्ये, माइकशिवाय तालीम होईल. सगळ्यात मागच्या बाकावर शेख चाचा बसतील. चाचा आमचे शिपाई. आयुष्यभर शाळेची घंटा वाजवून त्यांचे कान अर्धे गेले आहेत.

"चाचांना ऐकू गेलं तर तू बोलशील," मॅडम म्हणाल्या. "नाही गेलं तर ओंकार वाचेल."

ओंकारचा आवाज आडतीवरच्या लिलावात वाढलेला आहे, तो जर्मनीपर्यंत इथूनही गेला असता. पण माझ्या सगळ्यात चांगल्या वाक्याच्या मधोमध तो श्वास घेतो आणि उरलेलं वाक्य नवीन म्हणून सुरू करतो. सात महिने मला एकच भीती होती, की माझी वाक्यं तिथं अशी अर्धी अर्धी पोचतील.

* * *

कागद गोळा करायला सुरुवात झाली तेव्हा कळलं की आमचा जन्म एका शहरात झालाय आणि आम्ही शिकतो दुसऱ्याच शहरात. जन्मदाखल्यावर औरंगाबाद, शाळेच्या बोनाफाईडवर छत्रपती संभाजीनगर. आम्हाला यात काही वावगं वाटत नव्हतं. पप्पांच्या गाडीत तर प्रवासी ज्या नावानं विचारेल त्याच नावानं तिकीट मिळतं.

व्हिसाचा फॉर्म भरून द्यायला मॅडमच्या ओळखीचा एक दादा पुण्याहून आला होता. त्यानं आफरीनचे कागद घेतले, जन्माचं शहर औरंगाबाद लिहिलं, चितेगावच्या पत्त्यातलं शहर छत्रपती संभाजीनगर लिहिलं, आणि कॉम्प्युटरनं आपणहून पुढचा रकाना उघडला. गाव कधी सोडलं? का सोडलं?

दादानं आफरीनच्या अब्बांना विचारलं, "चाचा, तुम्ही औरंगाबाद कधी सोडलं?"

अब्बा म्हणाले, "आम्ही कशाला सोडू? आम्ही तर हिथंच बसलेलो."

"पण फॉर्म विचारतोय. काहीतरी कारण लिहावं लागेल."

अब्बा नोकरदार माणूस. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग बदली लिहा. आमची नाय, शहराची."

* * *

खऱ्या व्हिसाच्या खिडकीवर आम्हाला कुणी काहीच विचारलं नाही. बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला आणि पुढचा नंबर पुकारला. पण हे आधी माहीत नसल्यामुळं आमच्या हेडसरांनी मुलाखतीचा सराव घ्यायचं ठरवलं, आणि व्हिसा अधिकाऱ्याचं काम स्वतःकडंच ठेवलं.

एप्रिलचा महिना. सर स्नेहसंमेलनाचा कोट घालून बसले होते. ओंकार आत गेल्यावर त्यांनी ओळखच दाखवली नाही. "नाव?" असं इतक्या परकेपणानं विचारलं, की ओंकारनं घाबरून मामाचंही नाव सांगितलं.

सरांचा आवडता प्रश्न शेवटी यायचा. "तू भारतात परत येशील याची खात्री काय?"

ओंकार म्हणाला, "माझं माझ्या मातृभूमीवर प्रेम आहे." आफरीन म्हणाली, "मला दहावीची परीक्षा द्यायची आहे." सरांनी दोघांनाही मान हलवून पास केलं. मग मी गेले.

मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि खरं होतं ते सांगितलं. "सर, आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. आई त्या वेळी कामावर असते, पप्पा गाडीवर असतात. मोटर मीच लावते. मी आले नाही तर टाकी कोण भरणार?"

"काय? मोठ्यानं बोल."

मी पुन्हा सांगितलं. सर पुढं वाकले. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली नाही. मी नापास झाले असं मला वाटलं. सरांनी कोटाच्या खिशातून मोबाइल काढला, घरी लावला आणि म्हणाले, "अहो, आज आपल्या लाइनीला पाणी होतं ना? मोटर लावली का कुणी?"

* * *

तिकडं मी ज्यांच्या घरी राहणार होते त्या बाईंचं नाव मार्था. निघायच्या दोन महिने आधी त्यांच्याशी व्हिडिओ कॉल झाला. आई कॅमेऱ्यात यायला तयार नव्हती. पण मी नीट बोलते का हे तिला पाहायचं होतं, म्हणून ती मोबाइलच्या मागं पोळ्यांची परात घेऊन बसली आणि खुणा करत राहिली.

मार्थाबाईंनी मला काय आवडतं, काय चालत नाही, सगळं विचारलं. मी हळू का होईना उत्तरं दिली. शेवटी निरोप घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून "मी जाते" असं इंग्रजीत निघणार, तेवढ्यात आईनं लाटणं उगारलं. आमच्या घरात निघताना 'जाते' म्हटलेलं चालत नाही, 'येते' म्हणायचं. मी घाईघाईनं तेच इंग्रजीत म्हटलं, "ओके, आय ॲम कमिंग," आणि कॅमेऱ्यासमोरून उठले. कॉल बंद करायचा मार्थाबाईंसाठी ठेवला. मोठ्या माणसांचा फोन आपण कशाला कापायचा?

दुसऱ्या दिवशी मॅडमना त्यांचं पत्र आलं. मुलगी येते म्हणून गेली ती आलीच नाही, आम्ही अर्धा तास थांबलो, समोर फक्त भिंत आणि कॅलेंडर दिसत होतं, तिची तब्येत बरी आहे ना?

मॅडमनी त्यांना सगळं समजावून लिहिलं. आमच्याकडं जाणारा माणूस येतो असंच सांगतो, मुलगी बरी आहे.

पुढच्या कॉलच्या शेवटी मार्थाबाई सरळ बसल्या, समोरचा कागद पाहिला आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बरंय. येते."

आईच्या हातातली पोळी तशीच राहिली. "अगं," ती मला म्हणाली, "यांचं तिकीट कधीचंय? घरात एक धड चादर नाही."

* * *

विमानात एका बॅगेला तेवीस किलो चालणार होते. मॅडमनी बजावून सांगितलं होतं की बॅग घरूनच तोलून आणा. आफरीननं आणि मी बाथरूममधल्यासारखा काटा कुणाकडं मिळतो का ते शोधलं. ओंकारला शोधायची गरज नव्हती, त्याच्या घरी बैलगाडीएवढा काटा आहे.

लासूर स्टेशनला अण्णांच्या आडतीवर बॅग चढली. आत दोन डबे शेंगदाण्याची चटणी, धपाटे, चिवडा, आणि उरलेल्या जागेत कपडे. माल तोलणाऱ्या काकांनी आकडा सांगितला, "तेवीस. पावशेर इकडं नाय, तिकडं नाय." अण्णांनी ते चिठ्ठीवर लिहून, सही करून, बॅगेला बांधून दिलं.

शाळेत मॅडमनी तीच बॅग तपासणीच्या काट्यावर ठेवली. सव्वीस भरली. काटा बिघडला असेल म्हणून मॅडम स्वतः उभ्या राहिल्या, मग पटकन उतरल्या. काटा बरोबर होता. त्यांनी अण्णांना फोन लावला.

"मॅडम, माल तेवीसच हाय," अण्णा म्हणाले. "वरचे तीन किलो बारदानाचे. ते आम्ही वजा केले."

आडतीवर धान्य तोलताना रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, त्याला बारदान म्हणतात. काकांचा हात वर्षानुवर्षं हेच करत आलाय. त्यांनी बॅगेचंही बारदान वजा केलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "अण्णा, विमानवाले बारदानासकट तोलतात."

मग अण्णा गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, आम्ही असं तोललं असतं ना, तर माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी काटा उचलून नेला असता."

* * *

तिकडच्या शाळेला भेट काय द्यायची यावर खूप चर्चा झाली. शेवटी आफरीन म्हणाली, "माझी खाला पैठणला मागावर बसते. तिला विचारू." खालानं, म्हणजे तिच्या मावशीनं, वहीच्या पानाएवढा पैठणीचा तुकडा विणून द्यायचं कबूल केलं. निळ्या रेशमावर जरीचा एक मोर, मग तो चौकटीत बसवायचा.

एका रविवारी आम्ही दोघी पप्पांच्या गाडीनं पैठणला गेलो. खाला मागावरच होती. धोटा इकडून तिकडं जात होता, आणि बोलताना तिचा हात थांबत नव्हता.

"तुम्ही जाताय तिकडं मोर कसे असतात?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "तिकडं मोर नसतातच."

खालाला ऐकू गेलं नाही. आफरीननं तेच मोठ्यानं सांगितलं. खालाचा हात पहिल्यांदाच थांबला. तिनं मागावरचं काम पाहिलं. मोर जवळपास पुरा झाला होता, फक्त डोळा राहिला होता.

"मग थांबा आठ दिवस," ती म्हणाली. "दुसरा विणते. एकट्याला करमायचं नाय त्याला."

* * *

त्याच दिवशी परत येताना गाडी भरलेली होती. आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली. पप्पा तिकिटं फाडत मागं मागं येत होते, आणि मला आमच्या सीटपर्यंत येणारं बोलणं ऐकू येत होतं.

"व्हय, माझीच पोरगी. ती काय, खिडकीत. जर्मनीला चाललीय. शाळेनं नाय, तिकडच्या लोकांनी बोलावलंय. पाण्यावर बोलणार हाय इंग्रजीत."

पुढच्या सीटवर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सीटवर पुन्हा तेच, आणि प्रत्येक सीटला माझं इंग्रजी थोडं थोडं सुधारत होतं. मी ओढणी डोक्यावरून पुढं घेतली. आफरीन म्हणाली, "झाकू नको, लोक मुद्दाम वाकून बघतायत."

आमच्या मागं एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी सगळी कहाणी शांतपणे ऐकून घेतली, खिशात हात घातला आणि म्हणाले, "मग दे एक फुल जर्मनी. उतरतो म्या बिडकीनलाच."

* * *

स्टँडवर गाडी रिकामी झाली. आफरीन वाटेत चितेगावलाच उतरली होती. मी पप्पांची पेटी धरून उभी होते. पप्पा म्हणाले, "जा, पार मागच्या सीटवर बस."

मी बसले. पप्पा पुढं ड्रायव्हरच्या पाठीमागं उभे राहिले आणि घरात बोलतात तसं म्हणाले, "आज भाजीला काय केलंय आईनं?"

"वांगं," मी म्हणाले.

"काय?"

"वांगं."

"मी बोललो ते तुला ऐकू आलं?"

मी मान हलवली.

"ओरडलो का मी?"

"नाही."

"ओरडलं की पुढचे दचकतात, अन् मागच्याला नुसता गोंगाट जातो," पप्पा म्हणाले. "मागच्या माणसाकडं आपलं काम असलं पायजे. माझं असतं, त्याचं तिकीट राहिलेलं असतं. मग आवाज बरोब्बर जातो त्याच्यापर्यंत. तुझं काय काम हाय मागच्या माणसाकडं?"

पप्पांनी पेटी घेतली आणि आम्ही घरी गेलो. त्या रात्री मी मजकूर पुन्हा पहिल्यापासून लिहिला. पहिल्या पानावर जुनं शहर, दुसऱ्या पानावर कोटाबाहेरच्या, म्हणजे जुन्या तटाबाहेरच्या वस्त्या, असं नीट लावलं.

* * *

तालमीच्या दिवशी हॉल भरला होता. पालक होते, दहावीचा वर्ग होता, हेडसर होते, या वेळी कोटाशिवाय. आई चांगली साडी नेसून आली होती. पप्पा दोन फेऱ्यांच्या मधे खाकी कपड्यांतच आले आणि दारात उभे राहिले. सगळ्यात मागच्या बाकावर शेख चाचा बसले होते. आज घंटा वाजवायचं काम दुसऱ्याला दिल्यामुळं त्यांचं लक्ष सारखं घड्याळाकडं होतं.

चाचांना इंग्रजी येत नाही. हे मला तिथं उभं राहिल्यावर सुचलं. ऐकू गेलं तरी त्यांना काय कळणार, आणि ऐकू गेलं हे आम्हाला कसं कळणार?

मी सुरुवात केली. पहिलं वाक्य कुठं गेलं मलाही कळलं नाही. दुसऱ्या वाक्याला मॅडमनी मागं वळून पाहिलं. चाचा पंख्याकडं बघत होते. पहिल्या रांगेत ओंकार बसला होता, त्याच्या मांडीवर माझ्या भाषणाची दुसरी प्रत होती. त्यानं ती उघडलेली नव्हती, पण मॅडमनी त्याच्याकडं पाहिल्यावर त्यानं ती उघडली.

मी कागदावरून नजर काढली आणि चाचांकडं पाहिलं. चाचा रोज पहाटे कोटाबाहेरच्या आपल्या मोहल्ल्यातून, जुन्या दगडी पुलावरून सायकल हातात धरून येतात. प्रकल्पाच्या वेळी नहरीचा फुटका हौद मला त्यांनीच दाखवला होता. त्यांच्या आजोबांनी त्या हौदाचं पाणी भरलं होतं, हे सांगताना ते माझ्याशी अर्धा तास बोलले होते.

मी पाणी कुठं कुठं पोचायचं ते सांगायला लागले. नावं इंग्रजीतही तीच असतात. जुना बाजार. सिटी चौक. शहागंज.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला. शेख चाचा उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"बेटी," ते म्हणाले, "हमारा बेगमपुरा छूट गया."

अख्खा हॉल वळून मागं बघायला लागला. कुणीतरी हसलं. मॅडम त्यांना बसवायला उठल्या. आईनं पदर तोंडाला लावला. ओंकारनं प्रत मिटली की उघडी ठेवली, ते मला दिसलं नाही.

"चाचा," मी म्हणाले, "बेगमपुरा अगले पन्ने पे है. बैठो."

चाचा बसले.